ठिपकेबाईंचं चाळिसावं चित्र

ठिपकेबाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर जे जे येऊन बसलं ते मेलेलं होतं. हे वाचून कुणी दचकायचं कारण नाही. झाडाझुडपांची आणि किड्यामुंग्यांची नोंद ठेवणाऱ्या एका सरकारी खात्यात बाई चित्रकार होत्या. वाळलेली पानं, टाचणीला टोचलेले भुंगेरे, काड्यापेटीत चिकटवलेल्या बुरशा असं काहीबाही त्यांच्या टेबलावर यायचं आणि बाई ते भिंगाखाली धरून पाचपट मोठं काढायच्या. सावली दाखवायला रेघा मारायच्या नाहीत, फक्त ठिपके द्यायचे, असा खात्याचा दंडक होता. रेघ ही शीर वाटू शकते, केस वाटू शकते. ठिपका बिचारा कुणाला काहीच वाटत नाही. एकेका भुंगेऱ्याच्या पाठीवर बाई तीन-तीन हजार ठिपके देत. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळं खातं त्यांना ठिपकेबाई म्हणे आणि बाईही ओ देत.

मेलेल्या नमुन्याचे गुण बाईंना विचारावेत. तो जांभई देत नाही, कूस बदलत नाही, ‘झालं का’ म्हणून विचारत नाही. जेवून परत आलं की जिथं ठेवला तिथंच असतो. नवरा हयात असताना बाईंनी एकदा त्याचं चित्र काढायला घेतलं होतं. तो गृहस्थ अर्ध्या तासात तीनदा उठून गेला आणि चौथ्यांदा बसला तो झोपलाच. तेव्हापासून बाईंनी जिवंतांचा नाद सोडला.

बाईंच्या समोरच, मध्ये हातभर जागा सोडून, तपासनीसांचं टेबल होतं. चित्र नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे ठरवणं त्यांचं काम. ते चित्रावर लाल पेन्सिलीनं पाच खुणा करत, कर्कटकाची दोन टोकं आधी नमुन्यावर टेकवत, मग चित्रावर, आणि पाचपटीचा हिशेब केसभर जरी चुकला तरी चित्र परत. शाळेतल्या कंपासपेटीत असतं तेच हे कर्कटक, फक्त यांचं पितळी होतं आणि ते शर्टाच्या खिशात राही. माघारी त्यांनाही कर्कटकच म्हणत. शेरा लिहिला की खाली घड्याळ पाहून वेळ घातल्याशिवाय त्यांना पेनाचं टोपण लावता येत नसे. माणूस प्रामाणिक इतका, की स्वतःच्या वाढदिवसाला मिळालेल्या शुभेच्छापत्रावरची तारीख त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली होती. एकतीस वर्षांत त्यांचं आणि बाईंचं एकदाही भांडण झालं नाही, कारण भांडायचं म्हणजे आधी बोलावं लागतं.

घरी बाई आणि त्यांची नणंद अशा दोघीच. बाई त्यांना वन्सं म्हणत आणि वन्सं बाईंना वहिनी. वन्संचा जन्मच मुळी पुसण्यासाठी झाला होता. ओटा पुसावा, पुसलेला ओटा कोरडा करावा, कोरडं करायचं फडकं धुवावं, आणि ते वाळत घालायची दोरी पुसावी, असा त्यांचा दिवस जाई. वीस-बावीस वर्षांपूर्वी बाईंनी आपली चित्रं असलेलं खात्याचं पुस्तक कौतुकानं घरी आणलं, तेव्हा वन्संनी आधी ते पुसलं आणि मग उघडलं.

“छान आहेत हो चित्रं,” त्या म्हणाल्या. “पण वहिनी, यात तुमचं नाव कुठंय?”

“हे काय, ‘चित्रे : विभाग’. विभाग म्हणजे मीच.”

“मग विभाग का लिहिलंय?”

वन्संच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, दिसलं ते विचारलं. पण तो काटा बाईंच्या मनात रुतला तो रुतलाच. पुढं खात्याची आणखी अकरा पुस्तकं निघाली, अकराही ‘विभागा’ची. बाईंनी त्यातलं एकही घरी नेलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांनी स्वतः श्लेष्मबुरशांवर, म्हणजे कुजक्या लाकडावरच्या बुळबुळीत बुरशांवर, पुस्तक लिहायला घेतलं आणि जाहीर केलं की या पुस्तकात चित्रकाराचं नाव छापायचं, पहिल्या पानावर, लेखकाच्या खालोखाल. वरच्या कचेरीनं मान्यता दिली, पण सरकारी मान्यतेला शेपूट असतंच. चाळीसच्या चाळीस चित्रं एकाच हातची असावीत आणि तो हात नोकरीत असेतो मंजूर झालेली असावीत; एकही कमी पडलं तर पुन्हा ‘चित्रे : विभाग’. बाईंनी त्या दिवशीपासून मान वर केली नाही. दोन वर्षांत एकोणचाळीस चित्रं झाली आणि एकोणचाळीस मंजूर झाली. काड्यापेट्यांमधून एकेक वल्ली निघे. काळ्या चकचकीत दांड्यांवर उभी तपकिरी पिसं, लाकडाला चिकटलेले गुलाबी वाटाणे, टाचणीच्या डोक्याएवढे रुपेरी मणी. सगळी वाळलेली, सगळी गुणाची. बाई निवृत्त व्हायला आठ कामाचे दिवस राहिले होते आणि चित्र एकच उरलं होतं.

त्या बुधवारी साहेब हातात प्लास्टिकचा डबा घेऊन आले आणि त्यांनी तो बाईंच्या टेबलावर ठेवला.

“बाई, चाळिसावं चित्र जिवंत अवस्थेचं हवं.”

“जिवंत,” बाई म्हणाल्या. “म्हणजे किती जिवंत?”

साहेबांनी झाकण काढलं. आत कुजलेल्या ओंडक्याचा ओला तुकडा होता. त्यांनी त्याची साल अलगद उचलली, तर खाली पिवळंधमक काहीतरी पसरलेलं, फुटक्या अंड्यातला बलक ओघळावा तसं. पुढची कड जाड, पंख्यासारखी पसरट आणि ओलसर चमकणारी. तिच्या मागं शिरांची जाळी, आधी दाट मग विरळ. तोंड नाही, पाय नाहीत, डोळे नाहीत.

साहेबांना या विषयावर कुणी विचारावं लागत नसे. ते सांगत सुटले. याला श्लेष्मबुरशी म्हणायचं, पण ही बुरशी नव्हे. चालते म्हणून प्राणी म्हणावं तर तेही नाही, वनस्पती तर मुळीच नाही. खात्यात तिन्हींची तीन वेगळी कपाटं असल्यामुळे हिला कुठल्या कपाटात ठेवायचं यावर आठ वर्षं फाईल फिरत होती. ही सगळी मिळून एकच पेशी. एरवी एका पेशीत एक केंद्रक असतं, घरात एक कर्ता असावा तसं. हिच्यात लाखो, आणि तरी घर चालतं. राहायला सावली, ओल आणि कुजकं लाकूड हवं; सालीखाली, पालापाचोळ्याखाली ही सरपटत हिंडते आणि वाटेत येतील ते जिवाणू आणि बुरशीचे कण गिळते. उजेडाचं तिला वावडं. खाणं संपलं की मात्र मुकाट्यानं वर कोरड्यात येते आणि तिचे दांडीवरचे इवले गोळे होतात, आत बीजाणूंची काळी पूड.

“तुम्ही दोन वर्षं काढताय ते सगळे शेवटचे गोळे,” साहेब म्हणाले. “त्याआधीचं आयुष्य हे असं असतं. ओला टिपकागद घाला, त्यावर ठेवा, ओटचे दाणे खायला द्या. मजेत राहील.”

“फोटो नाही चालणार?” बाईंनी विचारून पाहिलं.

“फोटोत पिवळा डाग दिसतो. डागाला कोण चित्र म्हणेल.”

साहेब गेले. बाईंनी नमुना टिपकागदावर घेतला, दिवा ओढला, भिंग लावलं आणि डावीकडून सुरुवात केली. दुपारपर्यंत पंख्याची डावी बाजू अशी उतरली की बाईंचं त्यांनाच कौतुक वाटलं. त्या जेवायला गेल्या. परत येऊन भिंगातून पाहतात तर टिपकागद कोरा. बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, पायपोस झटकला, पदर झटकला, शेवटी टिपकागद उचलला तेव्हा नमुना खालच्या बाजूला दिव्यापासून तोंड लपवून बसलेला सापडला. बाईंनी तो उलटा करून उजवी बाजू काढली आणि गुरुवारी चित्र समोरच्या टेबलावर सरकवलं.

तपासनीसांनी कर्कटक लावलं, पुन्हा लावलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावलं. शेरा आला : ‘चित्रात एक नमुना अपेक्षित. डावीकडे एक व उजवीकडे दुसरा आढळला. परत. ११.४०.’

शुक्रवारी बाईंनी डोकं चालवलं. वीस मिनिटांत नुसती बाह्यरेषा काढली, ठिपके नंतर देऊ म्हटलं, आणि चित्र आणि नमुना दोन्ही हातात घेऊन तपासनीसांसमोर उभ्या राहिल्या.

“आत्ताच्या आत्ता मोजा.”

“मोजतो की,” तपासनीस म्हणाले. त्यांनी नोंदवही काढली, अनुक्रमांक घातला, मागच्या पानावरचा अनुक्रमांक बरोबर आहे ना ते पाहिलं, लाल पेन्सिलीला टोक केलं, टोकाचा कचरा कागदात गोळा केला, तो टाकून आले, हात धुऊन आले. कर्कटक खिशातून बाहेर निघेपर्यंत नमुना अर्धा बोट पुढं गेला होता. शेरा : ‘पाचही खुणांत समान दिशेने चूक. चित्रकाराने नमुन्याच्या मागे न राहता बरोबर राहावे. परत. ३.०५.’

बाईंनी आजवर कुणाचं घोडं मारलं नव्हतं, पण त्या दिवशी समोर घोडं असतं तर सांगता येत नाही.

शनिवार-रविवार कचेरी बंद. नमुन्याला दोन दिवस कोण खायला घालणार म्हणून बाईंनी तो डबा घरी नेला आणि हवा लागावी म्हणून झाकण किंचित किलकिलं ठेवलं. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून वन्संचा आवाज आला.

“वहिनी, भिंतीवर हे काय ओकून ठेवलंय?”

बाई धावल्या. ओट्याच्या कोपऱ्यातून डब्याच्या बाहेर, बेसिनच्या कडेनं, टाइलवरून वर एक पिवळं झाड चढलं होतं, आणि वन्संच्या हातात साबणाचं फडकं होतं. मधला भाग पुसून झालाही होता.

“वन्सं, हात लावू नका. ते सरकारी आहे.”

वन्संचा हात हवेत थांबला. सरकारी वस्तू पुसावी की नाही याचा विचार त्यांनी आयुष्यात केला नव्हता. बाईंनी तेवढ्यात वरचा तुकडा आणि खालचा तुकडा पोस्टकार्डानं खरवडून डब्यात घातला. आता एकाचे दोन झाले, शेऱ्यात काय येईल या विचारानं त्यांना घास जाईना. पण संध्याकाळी पाहतात तर दोन्ही तुकडे सरकत सरकत एकमेकांना भेटले होते आणि मधली शीव कुठं होती तेही कळत नव्हतं. तोडलं तरी रुसत नाही, भेटलं की पुन्हा एक होतं. भावकीत असं कधी घडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

रविवारी नमुना कधी नव्हे तो निवांत होता. पोट भरलं असावं. बाईंनी पडदे ओढून स्वयंपाकघराच्या टेबलावर आधी झटपट बाह्यरेषा आणि शिरा घेतल्या, मग शांतपणे ठिपके भरत बसल्या. संध्याकाळी चित्र संपलं आणि बाई त्याकडे पाहतच राहिल्या. पंख्याची कड कागदावरून आत्ता पुढं सरकेल असं वाटत होतं. एकतीस वर्षांतलं हे आपलं सगळ्यात चांगलं चित्र आहे हे त्यांना स्वच्छ कळलं, आणि कळल्यावर त्यांना आनंदाऐवजी धडकी भरली. इतकं चांगलं चित्र परत आलं तर काय करायचं?

सोमवारी ते परत आलं.

तपासनीसांनी चित्रावर आधी पाच लाल खुणा केल्या होत्या. नमुना रात्रीतूनच हलला होता, एकही खूण जुळत नव्हती; पण ते चित्राकडेच पाहत बसले, कर्कटक हातात तसंच. खात्याच्या छापील चिठ्ठीवर दोनच चौकोन होते : ‘चित्र सदोष’ आणि ‘नमुना सदोष’. दुसरा चौकोन पंख तुटलेल्या भुंगेऱ्यांसाठी आणि किडीनं खाल्लेल्या पानांसाठी होता. तपासनीसांनी पहिल्या चौकोनावर पेन नेलं, चित्राकडे पाहिलं, आणि पेन मागं घेतलं. सदोष म्हणवेना. मग त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि खाली लिहिलं : ‘चित्र उत्तम. नमुना चित्राप्रमाणे नाही. नमुना दुरुस्त करून पुन्हा सादर करावा. १२.१५.’

“दुरुस्त,” बाई म्हणाल्या. “नमुना कसा दुरुस्त करू?”

“ते तपासनीसाचं काम नाही,” ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी बाईंनी घरी येऊन पर्स फेकली. वन्संनी ती उचलली, पुसली, जागेवर ठेवली आणि मग काय झालं ते ऐकून घेतलं.

“ते सारखं जातं तरी कुठं?” त्यांनी विचारलं.

“खायला असेल तिकडं.”

“मग त्यात काय एवढं. तुमच्या चित्रात ते जिथं जिथं आहे, तिथं तिथं खायला ठेवा. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसायला हवे असतील तर आपण ताटं बाहेरच्या खोलीतच नेतो ना? आणि जिथं यायला नको, तिथं मिठाची चिमूट टाका. भिंतीवर मी पहिल्यांदा मीठच लावलं होतं, तर लगेच मागं सरलं.”

 पस्तीस वर्षं एका घरात राहून माणसाची किंमत कळायला एखादी बुरशी लागते, असं बाईंच्या मनात आलं. पण त्या मूग गिळून गप्प बसल्या, कारण वन्संना चढवून ठेवलं की त्या दुसऱ्या दिवशी माळा आवरायला काढत.

मंगळवारी बाईंनी आडव्याउभ्या चौकटी आखून आपल्या चित्राची पाचपट लहान नक्कल काढली. ती काचेच्या बशीखाली चिकटवली. बशीत साहेबांच्या प्रयोगशाळेतली पारदर्शक जेली पातळ ओतली, म्हणजे खालची रेघ न् रेघ दिसावी. पाच लाल खुणांवर पाच ओटचे दाणे ठेवले, वळणांवर दाण्यांचा चुरा, नको तिथं मिठाचे कण. आणि बशीच्या मधोमध नमुना सोडला. जगात चित्रकार नमुना पाहून चित्र काढतात. बाई चित्र दाखवून नमुना काढायला बसल्या.

मंगळवारी तो तीन खुणांवर गेला आणि तिथंच जेवत बसला. बुधवारी चार खुणांवर गेला, पण बाईंच्या चित्रातली वळणदार शीर त्याला मान्य झाली नाही. त्यानं दोन दाण्यांमध्ये सरळ जवळची वाट काढली. बाईंना आपल्या चित्राचा अपमान झाल्यासारखं वाटलं. गुरुवारी मीठ जास्त झालं आणि तो अंग चोरून मधोमध बसून राहिला. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी बशी धुतली, नवी जेली ओतली, नवे दाणे मांडले. उद्या शेवटचा दिवस होता आणि पाचला घंटा वाजली की बाई खात्याच्या कुणीही नव्हत्या.

शुक्रवारी अकराला तपासनीस कर्कटक घेऊन आले. या वेळी ते स्वतः उठून आले. पहिली खूण जुळली. दुसरी जुळली. वळणदार शीर वळणासकट होती. दुपारी दोनपर्यंत तिसरी आणि चौथी जुळली. पाचव्या खुणेवर नुसता ओटचा दाणा, आसपास पिवळं नखभरही नाही.

“आणि हे खाली काय आहे?” तपासनीसांनी बशी डोळ्यांपाशी नेत विचारलं. “हे तर तुमचं चित्र आहे.”

“हो.”

“त्यावर खायला ठेवून तुम्ही नमुन्याला चित्रात बसवताय.”

“हो.”

“ही लबाडी नाही का?”

“तुम्हीच लिहिलंत, नमुना दुरुस्त करा,” बाई म्हणाल्या. “करतेय.”

तपासनीसांनी सोमवारची चिठ्ठी मागितली. ती दोनदा वाचली. सही पाहिली. “शेरा माझाच आहे,” ते म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, “मग लबाडी नाही.” आणि ते आपली खुर्ची ओढून बाईंच्या टेबलाच्या या बाजूला येऊन बसले.

चारला दिवाणखान्याएवढ्या मोठ्या बैठकीच्या खोलीत बाईंचा निरोप समारंभ होता. शिपाई दोनदा बोलवायला आला. बाई म्हणाल्या, बशी सोडून येणार नाही. बशी घेऊन या, असा निरोप आला. तपासनीस म्हणाले, हलवल्यास मोजमाप धरता येणार नाही. तेव्हा उत्सवमूर्तीशिवाय समारंभ पार पडला. साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून बाईंच्या चिकाटीवर भाषण केलं, टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या, आणि चहाचे दोन कप खोलीत पोचते झाले.

तेवढ्यात नमुन्यानं चौथ्या दाण्याकडून एक बारीक फांदी काढली आणि ती पाचव्याच्या दिशेनं निघाली. तपासनीसांनी बाईंचं भिंग मागितलं. एकतीस वर्षांत त्यांनी नमुन्यावर कर्कटक टेकवलं होतं, पण नमुन्याकडे पाहिलं नव्हतं. ते भिंगावर वाकले ते उठेचनात.

“अहो, हे वाहतंय,” ते म्हणाले. “आत काहीतरी पुढं जातंय. थांबलं. आता मागं येतंय.”

“पुढं जास्त जातं, मागं कमी येतं,” बाई म्हणाल्या. “म्हणून सरकतं.”

तपासनीसांनी घड्याळ काढलं आणि पुटपुटत मोजायला लागले. मग चिठ्ठीच्या पाठीमागं आकडे लिहायला लागले. चहा निवला. फांदी अर्ध्या वाटेवर आली, थबकली, आणि चांगली अर्धा नख मागं गेली. बाईंनी डोळे मिटले. तपासनीस बशीवर आणखी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “डावीकडं घे. थोडं डावीकडं.”

पाचची घंटा झाली. जिन्यावर पावलं वाजली, दारं बंद झाली, कुणी कुणी दारातून डोकावून ‘येतो बाई’ म्हणून गेलं.  बावीस वर्षं जे एक नाव छापून यावं म्हणून त्या झुरल्या, ते एका नखभर अंतरानं राहिलं होतं, आणि राग कुणावर काढायचा तर समोर फक्त एक बिनडोळ्यांचा, बिनतोंडाचा पिवळा जीव.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “वेळ संपली. तुम्हीही निघा.”

“नमुना वाटेत आहे,” तपासनीस म्हणाले, आणि हलले नाहीत.

पाच अडतीसला फांदी पाचव्या दाण्याला लागली. आधी तिनं चाचपलं, मग ती दाण्यावर पसरली. तपासनीसांनी कर्कटक टेकवलं, चित्रावर नेलं, परत आणलं. मग त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं.

“जुळतंय,” ते म्हणाले.

त्यांनी नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं. बाईंनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

“चार पंचावन्न लिहिलंत तर?”

“वाजलेत पाच अडतीस,” तपासनीस म्हणाले.

 बाई पुसणी, टाक, शाईची बाटली असं एकेक पिशवीत भरू लागल्या. यांच्याकडून दुसरं काय होणार, असं त्यांना वाटलं. आणि असा माणूस एकतीस वर्षं समोर बसला म्हणूनच आपलं एकही चित्र खोटं निघालं नाही, हेही वाटलं. त्यामुळे तर जास्तच वाईट वाटलं. पेनाचा आवाज बराच वेळ येत राहिला. शेवटी तपासनीसांनी नोंदवही बाईंकडे फिरवली.

‘वेळ ५.३८. पाचही खुणा जुळल्या. चित्र सोमवारीच पूर्ण व अचूक होते. नमुना पोहोचण्यास चार दिवस, पाच तास, तेवीस मिनिटे उशीर झाला. विलंब नमुन्याचा आहे, चित्रकाराचा नाही. मंजुरी सोमवार, १२.१५ पासून धरावी.’

पुढं साहेबांनी त्यावर हसत हसत सही केली, वरच्या कचेरीला त्यात खोट काढता आली नाही, आणि पहिल्या पानावर लेखकाच्या खालोखाल बाईंचं नाव छापून आलं. पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी बाईंनी शेरा एकदा वाचला, पुन्हा वाचला, खुर्चीत बसल्या आणि हातरुमाल तोंडाला लावून मनसोक्त रडल्या.

रडणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं हे कुठल्याही नियमात नसल्यामुळे तपासनीसांनी कर्कटक पुसून खिशात घातलं. मग त्यांनी विचारलं, “आता याला खायला कोण घालणार?”

बाईंनी डोळे पुसले आणि ओटची डबी त्यांच्या हातात दिली.

“दिवसाला किती दाणे?”

“तीन-चार. आणि उजेडात ठेवू नका.”

तपासनीसांनी ते लिहून घेतलं, खाली वेळ घातली, आणि एक दाणा काढून बशीच्या आपल्या टेबलाकडच्या कडेला ठेवला.